काजळाचा अंगठा

१

राधाकृष्णसाहेबाची एक खोड हन्नाबाईला मुळीच सोसत नसे. माणूस काही बोलला की ते बोलणं हा गृहस्थ धुऊन, पिळून, घडी घालून परत त्याच्याच हातात द्यायचा. "डाळ करपली हाय," असं तिनं सांगावं, तर हा म्हणणार, "म्हणजे मावशी, आज डाळीला जरा वेगळी चव आहे, असंच ना?" असंच कसं? करपली म्हणजे करपली. पण साहेबाचं ऐकता ऐकता जेवणारे मान डोलवायचे आणि करपलेली डाळ वेगळ्या चवीची म्हणून ओरपायचे.

सोनईच्या पुढं, गोदावरीकडं जाणाऱ्या वाटेवर सरकारी बंगला होता. हन्नाबाईचा नवरा तिथला खानसामा. तो गेला तेव्हापासून चूल, किल्ल्या आणि हुकूम तिन्ही तिच्याच हातात. मुलगा यशया नावाला चौकीदार. मिशनच्या शाळेत ती दुसरीपर्यंत शिकलेली, सही करायला अर्धा विडा चघळून होईल एवढा वेळ लागायचा. पण ताटात कोण काय टाकून उठला यावरून माणूस ओळखायची, आणि ओळखला की तोंडावर सांगायची.

साहेबाला तर ती मुंजीच्या आधीपासून ओळखत होती. त्याचा बाप तालुक्याच्या कचेरीत कारकून होता, बंगल्यावर कामाला यायचा. राधू बापाच्या मागून स्वयंपाकघरात शिरायचा, तिच्या हातचं अंडं खायचा, मोरीवर खळखळून चूळ भरायचा, पाणी प्यायचा आणि घरी जाऊन आईला सांगायचा, "बंगल्यावर पाणी प्यालो." तो राधू आता पंचेचाळिशीचा झाला होता. अठरा वर्षं परमुलखातल्या वकिलातींत काढून आला होता. इराण म्हणा, तुर्कस्तान म्हणा, लढाईच्या काळात तिथं बसून कुठला राजा कुणीकडं झुकतोय ते कागदावर कळवणं हा त्याचा धंदा. अजून किल्ली मात्र जानव्यालाच बांधायचा. अंघोळीलासुद्धा काढत नसे.

सन अठ्ठेचाळीस. श्रावण सरत आला होता. नदीच्या पलीकडं निजामाचा मुलूख, इकडची माणसं त्याला मोगलाई म्हणत. फौज पाठवायची की बोलणी चालू ठेवायची, याचा दिल्लीत घोळ चालला होता. सरहद्दीवर खरं काय चाललंय ते पाहून लिहायला राधाकृष्णसाहेबाला धाडलं होतं. आठवडाभर तो माणसं बोलावून जबान्या घेत होता.

त्या सकाळी चहा घेऊन हन्नाबाई व्हरांड्यात आली, तर टेबलावर पत्र्याची पेटी उघडी, कागद पसरलेले, आणि पेटीपुढं महमूद मुन्शी उभा. नगरचा हा बारीक पोरगेला माणूस जबान्या लिहून घ्यायला साहेबाबरोबर आला होता. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"यादीत अकरा नावं आहेत," साहेब शांतपणे म्हणाला. "कागद दहाच. अलीमची जबानी नाही."

हन्नाबाईच्या लेकीचा जीव त्या कागदाला बांधलेला होता.

२

तिची लेक कृपा नदीपलीकडं बाभूळथडीला दिलेली. जावई मोझेस तिथल्या मिशनशाळेत मास्तर. कृपाला सातवा महिना होता. गावात मुसलमान, मराठे, महार, चार घरं ख्रिस्ती, सगळे एकाच विहिरीवर भांडायचे.

पंधरवड्यापूर्वी नदीच्या अलीकडं माळेवाडीत कडब्याच्या गंजी पेटल्या. दोन माणसं मेली. रझाकार आले, बाभूळथडीतून आले, अशी हाकाटी झाली. उद्या फौज गेली तर गेली. पण तिच्या मागून पलिते घेऊन कोण जाईल आणि पहिल्यांदा कुठल्या गावात शिरेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून तिनं अलीमला निरोप धाडला. बाभूळथडीचा बैलांचा व्यापारी, घोडेगावच्या बाजारात वीस वर्षं दावणीला उभा राहिलेला. कासऱ्यानं चिरलेला उजवा अंगठा आणि मोठा आवाज. कृपाला तो बहीण म्हणायचा. एरवी तो बाजारापुरता यायचा; या वेळी भरल्या नदीतून चोरून इकडं आला, केवळ हन्नाबाईनं सांगितलं म्हणून.

काल दिवेलागणीला त्याची जबानी झाली. हन्नाबाईनं दाराआडून शब्दन् शब्द ऐकला होता. "रझाकार जेठात आमच्याकडं आल्ते, व्हय. आमच्या शेळ्या खाल्ल्या, मला काठीनं हाणलं, आन् गेले. त्यानंतर फिरकले न्हाईत. माळेवाडी जाळली ती बैलचोरांनी. गंजी पेटवली, लोक तिकडं धावले, आन् यांनी दावणीची खिल्लारी जोडी सोडली. ती जोडी मी पुढच्या बाजाराला घोडेगावात बघितली. इकणारा ह्याच बाजूचा हुता."

अंगठा उठवायची वेळ आली तर शाईची गादी सुकून खडखडीत. साहेब दौत पुढं करत होता. ती शाई पसरली असती, नुसता डाग पडला असता. तेव्हा हन्नाबाईनंच दिव्याचं काजळ एरंडेलात कालवून बशीत आणून दिलं होतं. अलीमनं अंगठा दाबला. चिरलेली रेघसुद्धा स्पष्ट उठली.

दप्तराचा जुना रुमाल पावसात कुजला होता, म्हणून फडकंही तिनंच दिलं; कोरं, पांढरं मांजरपाट, सकाळीच फाडलेलं. महमूदनं सगळ्यांसमोर बस्ता बांधला. साहेबानं सगळ्यांसमोर तो पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली जानव्यात सरकली. अंधार दाटताच अलीम नदीकडं गेला.

आता तो कागद नव्हता.

"मुन्शीनं बस्ता बांधताना कागद बाजूला सारला," साहेब म्हणत होता. "कुलूप शाबूत आहे, म्हणजे तो पेटीत गेलाच नाही. संध्याकाळच्या मोटारीनं याला ठाण्यावर द्यावं लागेल. तिथं ते विचारतील, हा कुणाचा माणूस."

महमूद नावाच्या माणसाला त्या दिवसांत ठाण्यावर कसं विचारतील, ते कुणाला सांगायला नको होतं.

"ठाणं संध्याकाळी," हन्नाबाई बशी आपटून म्हणाली. "आधी माझ्या घरात चोरी झालीय, ती मी बघते."

"मावशी, तुम्हाला असं म्हणायचंय की—"

"मला जे म्हनायचं ते मी म्हनले."

३

काल टेबलापाशी चौघं होती. बोलून गेलेला अलीम, लिहिणारा महमूद, साहेब, आणि कंदील धरणारा सूर्यभान.

सूर्यभान माळेवाडीचा. मेलेल्या दोघांत एक त्याचा धाकटा भाऊ. गंजी विझवताना त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, गळ्यात झोळी अडकवून तो जबान्या ऐकत व्हरांड्याच्या पायरीवर बसलेला असायचा. हन्नाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अलीमचं बोलनं तुला झोंबलं हुतं."

"झोंबलं की."

"कागद तू घेतलास?"

"कोन्या हातानं घेऊ, बाई? एका हातात कंदील, दुसरा हा असा." त्यानं झोळीतला हात उचलला आणि ओठ चावला. मग खाली बघत म्हणाला, "पर गेला ते बरं झालं. मला रझाकारच पायजेत."

"खरं काय झालं ते नगं?"

"खरं घिऊन काय करू? रझाकार असला तर नदीपल्याड असतो. बैलचोर हिकडचा निघाला तर उद्यापासून ज्याच्या बांधाला बांध लागलाय त्याच्याकडं बघून जेवायचं कसं? फौज आली तर माजा भाऊ लढाईत मेला. न्हाई आली तर बैलापायी मेला."

हन्नाबाईला राग यायला हवा होता, तो आला नाही. ती वळून महमूदकडं गेली. तो चुलीमागं अंग चोरून बसला होता.

"खाला, इमानानं सांगतो, मी तो कागद बस्त्यात सगळ्यात वर ठेवला."

"अंगठा कुनीकडं?"

"वरच. काजळ ओलं होतं, खालचा कागद खराब होऊ नये म्हणून अंगठा वर केला आणि फडकं घेतलं."

"आन् मग रात्री साहेब काय करत हुता?"

"निजेपर्यंत मशीनवर टकटक चालली होती. दिल्लीचा अहवाल. तो पहाटेच्या मोटारीनं गेलासुद्धा." तो थांबला. "मला बसवलं नाही. रोज बसवतात. काल म्हणाले, तू दमलास, झोप."

हन्नाबाईनं फुंकणी खाली ठेवली. सहा लेकरांना तिनं काजळ घातलं होतं. त्यांतलं जगलेलं आणि गेलेलं, प्रत्येकाचं बाळोतं, प्रत्येकाची उशी तिनं धुतली होती. एरंडेलातलं काजळ दुसऱ्या दिवसापर्यंत ओलं राहतं. ज्याला टेकेल त्याला लागतं.

ती तरातरा व्हरांड्यात आली.

"साहेब, माझं फडकं द्या."

"कसलं?"

"काल दिलेलं. मांजरपाट हाय, फुकट आलेलं न्हाई. अहवाल गेला, बस्ता सुटला, माझं मला द्या."

साहेबानं पेटीत हात घातला. सवयीनं त्यानं फडक्याची चौकोनी घडी करून ठेवली होती, कडेला कड लावून. त्यानं घडी उलगडूनसुद्धा पाहिली नव्हती. अठरा वर्षं लिहिता लिहिता शाई वाळलेली बघण्यात गेली; काजळ वाळत नाही, हे त्याला कुणी सांगायचं?

४

स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिनं फडकं उलगडलं. आतल्या बाजूला, मधोमध, चिंचोक्याएवढा काळा ठसा होता. वर्तुळं उलटी फिरलेली. आणि त्यांना आडवी कापत जाणारी एक पांढरी रेघ. कासऱ्याची.

तिनं यशयाला हाक मारली. महमूदलाही बोलावलं.

"बघा. फडकं काल सकाळी फाडलं. कोरं हुतं. बाकीच्या धा जबान्या गादीच्या शाईच्या, कवाच वाळलेल्या. काजळाचा अंगठा एकच. तो हितं उठलाय म्हंजी कागद फडक्यात हुता. फडकं सगळ्यांदेखत पेटीत गेलं. मंग कुलूप लागलं."

"कुलूप तर फुटलेलं नाय," यशया म्हणाला.

"न्हाईच."

"मग किल्ली—" एवढं बोलून यशयानं व्हरांड्याकडं पाहिलं. महमूदनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुमी दोघं हितंच बसा," हन्नाबाई म्हणाली. फडकं तिनं चोळीत खुपसलं. व्हरांड्यापर्यंतचं अंतर वीस पावलांचं. त्या दिवशी ते तिला फार लांब वाटलं. आत जाऊन आपण चुकलो असं कळावं, एवढंच ती देवाकडं मागत होती.

५

सूर्यभान गेला होता. साहेब एकटाच खुर्चीत बसला होता.

"राधू, अलीमचा कागद कुठं हाय?"

ती लोकांत साहेब म्हणायची. राधू ऐकल्यावर त्यानं चष्मा काढला. तिनं लांबूनच फडकं धरून ठसा दाखवला. त्यानं ठसा पाहिला. मग हसला, जसा डाव हरल्यावर चांगला खेळणारा हसतो.

"बंबात," तो म्हणाला. "अंघोळीच्या पाण्याबरोबर."

"का?"

"बसा मावशी."

"उभी हाय ती बरी हाय."

"दिल्लीत दोन घरं आहेत असं समजा. एक म्हणतं थांबा, एक म्हणतं जा. ज्यांनी ठरवायचं, त्यांना माझं अर्धं पान वाचायला वेळ असतो. त्या अर्ध्या पानात मी एक 'पण' लिहिला, की थांबा म्हणणारे तो 'पण' उचलतात आणि आणखी सहा महिने जातात. इराणात मी प्रत्येक ओळीत 'पण' लिहायचो. साहेबलोक खूश असायचे, किती तोलून लिहितो म्हणून. माणसं मरतच होती. इथं रझाकार खरंच आहेत. गावं खरंच जळताहेत. हे जितकं लवकर संपेल तितकं बरं."

"आसंल. पर माळेवाडी त्यांनी जाळली न्हाई."

"नसेल. बाकीची दहा गावं जाळली असतील."

"अहवालात काय लिवलंस ते वाच."

प्रत त्याच्याजवळच होती. इंग्रजीतलं मराठीत करत त्यानं वाचलं, आणि वाचताना त्याचा आवाज नकळत सुरेख झाला. "बाभूळथडीचा बैलव्यापारी अलीम, जो स्वतः मुसलमान आहे, कबूल करतो की त्या गावात रझाकारांचं येणं झालेलं आहे, आणि त्यांनी गावकऱ्यांवर हात उचललेला आहे. माळेवाडीची घटना याच संदर्भात पाहावी लागेल."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. जेठात आले होते, काठीनं हाणलं होतं. बैलचोर तेवढे वाटेत कुठंतरी गळून पडले होते.

"मूळ कागद राहिला असता तर कुणीतरी ताडून पाहिला असता," तो म्हणाला. "म्हणून."

"तार कर. म्हन, चुकलं."

"असली तार कुणी करत नाही, मावशी."

"अलीमला परत बोलीव."

"कालपासून नावा बंद केल्या. माझ्याच शिफारशीनं."

"माझी कृपा तिकडं हाय, राधू."

एवढं ऐकल्यावर मात्र त्याची मान खाली गेली. खाली बघतच तो म्हणाला, "महमूदला ठाण्यावर देत नाही. कागद ओलीनं खराब झाला असं लिहितो. ते फडकं तेवढं मला द्या."

वकिलातीत असंच करत असतील. एक हात पुढं, एक मागं. हन्नाबाईनं फडकं परत चोळीत घातलं आणि वळली. संध्याकाळची मोटार महमूदला न घेताच गेली. तिला नक्की माहीत नव्हतं, पण बहुधा साहेबालाही लाज वाटली असावी.

६

दुसऱ्या दिवशी महमूद फडकं घेऊन पायी नगरला गेला. तीन कचेऱ्यांत बसला. दोन ठिकाणी त्याचं नाव विचारून त्याला बाहेर थांबवलं. तिसऱ्या ठिकाणच्या कारकुनानं फडकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय, पोराचं दुपटं?" महमूद परत आला, फडकं हन्नाबाईच्या हातात दिलं आणि चुलीपाशी बसून रडला.

भाद्रपद लागला आणि फौजा निघाल्या. त्या अर्ध्या पानानं लढाई झाली असं कुणी म्हणणार नाही. अशी पानं शेकड्यांनी गेली असतील, कुठून कुठून. कितींत 'पण' होता, कितींतला काढला होता, ते कुणाला ठाऊक? पाच दिवसांत सगळं आटपलं. सोनईत पेढे वाटले. सूर्यभाननं भावाच्या फोटोला हार घातला.

फौज बाभूळथडीला थांबलीसुद्धा नाही. तिच्या मागून पलिते गेले. जाताना ते म्हणत होते, हे रझाकारांचं गाव, सरकारी कागदातच आहे तसं. अलीम दारात उभा राहून मोठ्या आवाजात काहीतरी सांगत होता. कुणी ऐकलं नाही. त्याच्या घरात लपलेल्यांत कृपा होती.

आठव्या दिवशी मोझेस नावेतून उतरला. एकटाच. लेक-जावई येतील म्हणून हन्नाबाई रोज दोन ताटं मांडून ठेवायची, त्यांतलं एक उचलून तिनं फडताळात ठेवलं.

नाताळच्या तोंडावर बंगल्यापुढं मोटार थांबली. राधाकृष्णसाहेब उतरला. बढती मिळाली होती, कुठल्याशा मोठ्या मुलखात वकील होऊन निघाला होता. वाट वाकडी करून आला होता. व्हरांड्यात बसला, टोपी काढली. केस बरेच पिकले होते.

"मावशी, जे झालं त्याचं मला फार... परिस्थिती अशी होती की माझ्या एका कागदानं—" त्यानं टोपी हातात फिरवली. "तुमच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, ते मी समजू शकतो. तुम्हाला असं म्हणायचं असेल—"

हन्नाबाईनं हात वर केला. आतून फडकं आणून तिनं त्याच्यापुढं टेबलावर पसरलं. चार महिन्यांत ठसा फिका झाला होता. रेघ अजून दिसत होती.

"माझं म्हननं मीच सांगते. तू नीट करू नगंस," ती म्हणाली. "राधू, तू माझ्या हातचं अंडं खायचास आन् आईला सांगायचास, पानी प्यालो. खोटं न्हवतं. प्यालाच हुतास पानी. मी हसायची. कौतिकानं हसायची, ती माझी चूक. तीच करामत तू मोठा हून केलीस, आन् माझी कृपा त्यात गेली. अलीमनं अंगठा दिल्ता, माझ्या शब्दावर, आन् तू त्यावर अंघोळीचं पानी तापवलंस. तू मानूस मारला न्हाईस, तुझ्या हाताला काय लागलं न्हाई. तसा डाग तुला कंदी लागनार बी न्हाई, मला ठाव हाय. देव तुला माफ करील का ते त्याचं त्यानं बघावं. मी करत न्हाई. आता ऊठ. मोरीवर जा, चूळ भर, आन् जा. ह्या घरचं पानी बी आता तुला मिळायचं न्हाई."